पाच थेंबांना पिवळं

मुलीचं लग्न झालं आणि तिची खोली रिकामी झाली, तेव्हा त्या खोलीवर आम्हा दोघांचाही डोळा होता. मला शिलाई मशीन ठेवायला जागा हवी होती आणि ह्यांना समुद्र. चार दिवस भांडण चाललं. शेवटी खिडकीची बाजू मला मिळाली, भिंतीची ह्यांना, आणि त्या भिंतीला लागून चार फुटांची काचेची टाकी आली. खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची. मासे त्यात दोनच होते आणि ह्यांच्या लेखी ते पाहुणे. घरची माणसं म्हणजे प्रवाळ.

दगड पाळणारा नवरा साऱ्या जगात मलाच मिळाला, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. हे चिडायचे. दगड नाही गं, जनावर आहे ते, म्हणायचे. पाण्यातला क्षार घेतं, चुना घेतं आणि अंगाखाली स्वतःचं हाड बांधत बसतं. त्यातलं एक फांद्याफांद्यांचं, जांभळ्या टोकांचं प्रवाळ ह्यांनी अंगठ्याएवढं आणलं होतं. सहा वर्षांत ते परातीएवढं पसरलं. त्याला हे ‘धाकटी’ म्हणत. एकच मुलगी झाली, तर दुसरीची हौस माणूस कशी भागवून घेईल, सांगता येत नाही.

ह्यांची नोकरी गाड्यांना रंग देणाऱ्या गॅरेजमध्ये. ठोकलेल्या गाडीचा पत्रा सरळ करणारे वेगळे, फवारणारे वेगळे; रंग मिसळायचे ते ह्यांनीच. गाडीच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढायचं, उजेडात धरायचं, आणि ऊनपाऊस खाऊन फिकटलेला नेमका तोच रंग डब्यात उतरवायचा. रंग मोजणारं यंत्र आलं, तरी शेवटचा हात ह्यांचाच असे. तिथे सगळे ह्यांना मास्तर म्हणत, आणि ही मास्तरकी घरीही उतू जायची. माझ्याकडे म्हणे चारच रंग: लाल, गडद लाल, मळका आणि मळखाऊ. मी लोकांचे कपडे उसवून-शिवून देते. दोरा जुळवायला रीळ ह्यांच्यापुढे धरलं की हे हसायचे. तुझा डोळा सुईच्या नेढ्यापुरता, म्हणायचे. अठ्ठावीस वर्षं मी हे ऐकून घेतलं. विनोदच होता, पण रोज खाल्ला की विनोदही बाधतो.

त्या वर्षी थंडीत धाकटी आजारी पडली. आधी टोकांचा जांभळा रंग उतरला, मग बुंध्याकडून कातडी सुटायला लागली. फांद्या खालून पांढऱ्याफटक दिसायच्या, आतलं हाड उघडं पडलेलं. तिच्यामागोमाग बाकीची प्रवाळंही फिकी पडली. ह्यांनी जे सुचेल ते केलं. दिवे बदलले. आठवड्यातून दोनदा पाणी बदललं. धाकटीला उचलून डावीकडे नेलं, मग उजवीकडे, मग परत जागेवर. एका माशावर संशय घेऊन त्याची दुकानात पाठवणीसुद्धा केली. पाण्याची तपासणी मात्र चोख चालली होती. दर रविवारी पाण्यातला क्षार मोजायचा आणि टाकीशेजारच्या कॅलेंडरवर आकडा लिहायचा. आठ. आठ. नऊ. क्षार भरपूर आहे म्हणून हे सोड्याचं पाणी कमी कमी करत गेले. हो, खायचाच सोडा. प्रवाळांचं हाड शेवटी स्वयंपाकघरातल्या डब्यातूनच यायचं.

रोज संध्याकाळी हे टाकीपुढच्या स्टुलावर बसून राहत. जेवण झालं का विचारलं तर हो म्हणत, आणि झालेलं नसे. मला त्या दगडांचा राग यायचा, आणि ह्यांची दयाही यायची.

मार्चमधल्या एका रविवारी ह्यांच्या अंगठ्याला पत्रा लागून पट्टी बांधलेली होती. तपासणीची बारीक पिचकारी दाबता येईना. म्हणाले, तू थेंब टाक, मी बघतो. काम सोपं असतं. काचेच्या छोट्या कुपीत टाकीतलं पाणी घ्यायचं, त्यात एक औषध टाकलं की ते निळं होतं. मग दुसरं औषध थेंबाथेंबानं टाकायचं. निळ्याचं पिवळं झालं की थांबायचं आणि थेंब मोजायचे. जितके थेंब, तितका क्षार.

मी टाकत गेले. पाचव्या थेंबाला पाणी पिवळं झालं. थोडंथोडकं नाही, लिंबासारखं पिवळं. मी थांबले.

“टाक,” हे म्हणाले.

सहावा टाकला. कुपी ह्यांच्या नाकापुढे धरली होती, खिडकीतून चांगलं ऊन येत होतं.

“टाक, टाक. निळंच आहे अजून.”

सातव्याला म्हणाले, आता जरा वळतंय. आठव्याला समाधानानं मान हलवली आणि कॅलेंडरवर आठ लिहिला.

हे अंघोळीला गेल्यावर मी परत मोजलं. पाच. बाटलीत पाणी भरलं आणि कपडे द्यायला जाते असं सांगून मत्स्यालयाच्या दुकानात गेले. दुकानदारानंही पाचच सांगितले. वर म्हणाला, किती महिने हे असं चाललंय? बांधायला मालच नाही म्हटल्यावर कातडी सुटणारच, त्यात प्रवाळांचा काय दोष.

येताना रस्त्यात एकेक आठवायला लागलं. महिन्यापूर्वी एक गाडी गॅरेजला परत आली होती, एक दार वेगळं दिसतं म्हणून. ह्यांनी रंगाच्या कंपनीच्या नावानं बोटं मोडली होती. मी गर्द निळं रीळ मागितलं तर ह्यांनी हिरवं दिलं होतं, आणि मी लक्ष कुठे असतं तुमचं म्हणून ओरडले होते. दाराच्या डाव्या चौकटीला खांदा आपटायचा, तोही हल्लीच. पाणी कुठे मुरत होतं ते मला भर रस्त्यात कळलं. टाकीला काही झालंच नव्हतं. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, असला प्रकार चालला होता आमच्या घरी.

आता इथे माझं चुकलं, आणि मी ते लपवणार नाही. घरात शिरताना माझ्या मनात एकच वाक्य होतं: अहो, डोळे दाखवून या. ते वाक्य मी उंबऱ्यापर्यंत आणलं. हे टाकीपुढे बसले होते, धाकटीची तुटलेली एक फांदी तळहातावर घेऊन. मला म्हणाले, “माझ्या हातून काय राहतंय तेच कळत नाही गं.”

रंगमास्तरला रंग दिसत नाहीत, हे त्या माणसाला कसं सांगायचं? निवृत्तीला दोन वर्षं होती. मालकाला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी टेबल रिकामं. मी म्हटलं, “तुमच्या हातून काही राहत नाहीये. किटची बाटली नासलीय. दुकानदारानं नवीन दिली, त्यात पाच येतात.”

ह्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. मी म्हणत होतोच, म्हणाले. दुकानदाराला दोन शिव्या दिल्या आणि सोड्याचं पाणी करायला उठले. तेव्हा वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. मग जुनीच बाटली मी लेबल खरवडून नवीन म्हणून ठेवली.

त्या दिवसापासून थेंब मी टाकायचे, रंग मी बघायचे. कॅलेंडरवर आकडा हे लिहीत. मी मात्र मशीनच्या खणात एक वेगळी वही ठेवली. सोडा वाढवायचा तर घाई चालत नाही. एका दिवसात भरून काढायला गेलं तर उरलेली कातडीही सोलून येते, उपाशी माणसाला एकदम पोटभर वाढल्यासारखं. आम्ही रोज थोडं थोडं वाढवत नेलं. दिवे मंद केले. धाकटीचा बुंधा वाचण्यातला नव्हता, म्हणून जिवंत टोकं कापून वेगळी लावायची ठरली. पांढऱ्या रेघेच्या वर, चांगल्या कातडीत बोटभर शिरून कापायचं असतं. ते हे करायला बसले आणि पहिलीच फांदी ह्यांनी मेलेल्या भागात कापली. मी कात्री काढून घेतली. म्हटलं, कापाकापी माझ्या धंद्यातली आहे, तुम्ही डिंक लावा. अकरा टोकं कापली, एकेक चिनी मातीच्या बिल्ल्यावर चिकटवलं आणि टाकीत ओळीनं मांडलं.

खरं सांगते, मला त्यात गोडी लागली. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यावाचून ह्यांचं अडत होतं. हे विचारायचे, किती गं? आणि मी सांगेन तोच आकडा. ही गोडी लागली नसती तर मी आठवड्याभरात बोलले असते, असं मला वाटतं. आता वाटून काय उपयोग.

एप्रिलमध्ये हे गॅरेजमधून पहिलं झाकण घेऊन आले. रुमालात गुंडाळलेलं, पेट्रोलच्या टाकीचं, राखाडी. सोबत रंगाचे हात दिलेले तीन पत्र्याचे तुकडे. जेवणं झाल्यावर दिव्याखाली मांडले आणि म्हणाले, “चल, तुझी परीक्षा घेतो. यातला झाकणाच्या जवळचा कुठला?”

मी मधला दाखवला. हे म्हणाले, शिकायला लागलीस की. दुसऱ्या दिवशी गाडी त्याच रंगात गेली. मग आठवड्याला एक परीक्षा, मग दोन. पत्र्याच्या मागे हे आकडे लिहून ठेवत. मी बोट ठेवलेला तुकडा खिशात जाई. मला कळत होतं काय चाललंय ते. ह्यांना मला कळतंय हे कळत होतं का, ते मी विचारलं नाही. दोघंही हसत होतो.

मे महिन्यात नणंद चार दिवस राहायला आली. डोळ्यात तेल घालून बघणारी बाई. दुसऱ्याच दिवशी चहाचा कप ह्यांनी टेबलाच्या डाव्या कडेबाहेर ठेवला आणि तो फुटला. ती म्हणाली, दादा, तुला डावीकडचं दिसत नाही का रे? डोळे तपासून घे, आपल्या वडिलांना शेवटी दिसेनासं झालं होतं, आठवतं ना. हे चिडले, चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणाले. तिनं स्वयंपाकघरात येऊन मला विचारलं, “वहिनी, खरं सांग, दादाला दिसतं ना नीट?”

“दिसतं गं,” मी म्हटलं. “लक्ष नसतं त्यांचं. टाकीत असतं सगळं लक्ष.”

तिचा माझ्यावर विश्वास. ती गेली. दुकानातून चष्मा बदलून आणला आणि त्यानं काही फरक पडला नाही, हेही मी वहीत कुठे लिहिलं नाही. वहीत फक्त थेंब होते. सहा. सहा. सात.

जूनमध्ये अकरातली चार टोकं गेली. एका सकाळी बघितलं तर पांढरी. उरलेल्या सातांनी मात्र तग धरला. कातडी डिंकावरून खाली उतरली आणि बिल्ल्यावर पसरायला लागली. त्याला पाया धरणं म्हणतात. पाया धरला की प्रवाळ वाचलं. मी ह्यांना हाक मारून दाखवलं. हे काचेला नाक लावून बघत राहिले आणि म्हणाले, आहे गं, आहे. बोट मात्र बाजूच्या रिकाम्या दगडाकडे दाखवत होते.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात गॅरेजच्या अंगणात हे एक गाडी मागे घेत होते. डावीकडे खांब होता. वीस वर्षं तिथेच उभा असलेला. गाडीची डावी बाजू मागपासून पुढच्या दारापर्यंत खरवडत गेली आणि हे थांबलेच नाहीत, कारण कशाला घासतंय ते ह्यांना दिसतच नव्हतं. मालक चांगला माणूस. ओरडला नाही. स्वतः गाडीत घालून डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला आणि मला फोन करून बोलावून घेतलं.

डॉक्टरीणबाई वयानं आमच्या मुलीएवढी होती. अंधाऱ्या खोलीत तिनं तासभर तपासलं. मग कागदावर दोन गोल काढून आम्हाला समजावलं. डोळ्यात दाब वाढत गेला होता आणि आतली नस मरत आली होती. डाव्या डोळ्यात फारसं काही उरलेलं नव्हतं. उजव्यात मधोमध एक तुकडा होता, नळीतून बघावं तेवढा, आणि तोही धूसर. आता थेंब सुरू करायचे, रोज, आयुष्यभर. गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखायचं.

हे म्हणाले, दुखलं तर काहीच नाही. हा आजार दुखत नाही, ती म्हणाली. आधी कडेचं जातं, रंग फसवायला लागतात, आणि माणूस सवयीनं भागवून नेतो.

“पाच-सहा महिने आधी आला असतात तर उजवा डोळा बराच राखता आला असता,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, “घरात कुणाच्या काही लक्षात नाही आलं?”

मी काही बोलायच्या आत हेच म्हणाले, “नाही हो. घरात कुणाला काही कळलं नाही.”

येताना टॅक्सीत हे खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी डाव्या बाजूला होते. म्हणजे मी ह्यांना दिसतच नसणार, हे मला घर आल्यावर सुचलं.

घरी येऊन हे थेट त्या खोलीत गेले, हातानं स्टूल चाचपलं आणि टाकीपुढे बसले. मी थेंबाची बाटली आणून ह्यांच्या दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब टाकला. एक थेंब गालावर ओघळला, तो मी पदरानं पुसला.

“धाकटी कशी आहे?” ह्यांनी विचारलं.

छान आहे, मी म्हटलं. असं नको, नीट सांग, म्हणाले. मी सांगायला लागले. सातही टोकांनी पाया धरलाय, बिल्ले दिसेनासे झालेत. फांद्यांना नवी बोटं फुटलीत. टोकं जांभळी आहेत. कुठलं जांभळं, ह्यांनी विचारलं. मी चार रंगांची बाई. तरी म्हटलं, मुलीचं शाळेचं पहिलं दप्तर होतं ना, तसं. अगदी टोकाला धुऊन फिकं झाल्यासारखं. ह्यांनी मान हलवली. ते दप्तर ह्यांनीच आणलं होतं.

ह्यांनी हात लांब करून टाकीशेजारचं कॅलेंडर चाचपलं.

“ती बाटली नासली नव्हती ना?”

“नाही,” मी म्हटलं.

“मशीनच्या खणातली वही काढ. लिहितेस तू, ऐकू येतं मला. पहिलं पान वाच.”

मी वही काढली. मनाला येईल ते वाचलं असतं तरी ह्यांना कळलं नसतं. माझं बारीक अक्षर आता ह्यांना लागणार नव्हतं. म्हणूनच मला खोटं वाचवेना.

“चौदा मार्च,” मी वाचलं. “पाच थेंबांना पिवळं. हे आठ म्हणतात. बाटली ठीक आहे.”

ह्यांनी बोटांच्या पेरांवर महिने मोजले. मार्च ते ऑगस्ट. मग परत एकदा मोजले, चुकले असतील तर म्हणून.

“झाकणं मी पण आणत होतोच,” म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. “मला वाटत होतं काहीतरी बिनसलंय. पण मला दिसत नव्हतं गं. तुला दिसत होतं.”

मी रडले. ह्यांनी रडू दिलं. उठून जवळ आले नाहीत, आणि जा असंही म्हणाले नाहीत. मी ह्यांना गमावू नये म्हणून गप्प बसले होते, असं मला म्हणायचं होतं. पण ते पुरतं खरं नव्हतं, आणि आता अर्धवट खरं बोलायची मला भीती वाटत होती. डोळ्यासमोर दिसणारं दुखणं सोडून मी साडेपाच महिने पाण्याला औषध देत बसले होते. पखालच ती. मीही तिलाच डाग दिले.

अंधारून आल्यावर टाकीतले दिवे आपोआप लागले. हे म्हणाले, या रविवारचं मोजायचं राहिलंय.

मी कुपीत पाणी घेतलं. पहिलं औषध टाकलं, पाणी निळं झालं. मग एकेक थेंब सोडत गेले आणि हे ओठांतल्या ओठांत मोजत गेले. आठव्याला पाणी पिवळं झालं. लिंबासारखं, तेव्हासारखंच. खरोखरचे आठ.

“आठ,” मी म्हटलं. “पिवळं झालं.”

हे काचेकडेच बघत होते, किंवा काच असेल त्या बाजूला.

“नक्की?” ह्यांनी विचारलं.

अठ्ठावीस वर्षांत ह्यांनी माझी थट्टा केली, माझ्यावर डाफरले, मला चार रंगांची म्हणाले, पण हे मला कधी विचारलं नव्हतं. मी नक्की म्हटलं. मग कुपी ह्यांच्या हातात दिली, आणि हे ती डोळ्याजवळ नेऊन, दूर धरून, परत जवळ आणून बघत राहिले.